बेअरिंग पाठव

"रविवारपर्यंत ही गाडी जागची हलली नाही, तर सोमवारी भंगारवाला नेईल," नीलाने शांतपणे सांगितलं. बायकोचा शांतपणा श्यामसुंदर ओळखून होता. गाडी दोन महिने मुलुंडच्या अंगणात उभी होती आणि तिच्या टपावर आता कुरडया वाळू लागल्या होत्या.

दत्ताराम मेस्त्री गाडीखालून बाहेर आला. "साहेबांनू, फुडच्या चाकाचो बेरिंग गेलो. पण त्येचे प्रकार आसतत. बॉलचो, रोलरचो..."

"ठाऊक आहे मला," श्यामसुंदर म्हणाला. ठाऊक नव्हतं. पण तो कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा, आणि 'ठाऊक नाही' एवढं वाक्य आम्हा शिकलेल्यांना कोणी शिकवतच नाही.

"मग ह्यो जुनो घेवा. ह्येच्यार..."

"बघतो म्हटलं ना!"

दत्तारामने जुनं बेअरिंग घरातल्या टेबलावर नेऊन ठेवलं.

दुकानात गेलं तर दुकानदारही प्रकार विचारणार. म्हणून श्यामसुंदरने मेहुण्याला कार्ड टाकलं. तो गिरगावात, मोटारसामानाच्या दुकानांशेजारीच राहायचा. प्रकार लिहायची पंचाईत, तेव्हा मजकूर भारदस्त पण मोघम ठेवला: 'चि. नंदकिशोर, तातडीने बेअरिंग पाठव.'

गुरुवारी पोस्टमनने हाक मारली, "प्रोफेसरसाहेब, बेअरिंग आलंय!"

श्यामसुंदर धावत बाहेर आला. "बॉलचं की रोलरचं?"

"बिनतिकिटाचं. दुप्पट टपाल भरा आणि पत्र घ्या."

पत्रात लिहिलं होतं: 'ति. भावोजी, आपल्या आज्ञेप्रमाणे बेअरिंग पाठवत आहे, तिकीट लावलेलं नाही. मात्र पत्रातून काय कळवायचं, ते आपण लिहिलं नाहीत.'

नीलाने पत्र वाचलं. मग टेबलावरचं जुनं बेअरिंग रॉकेलने पुसून उजेडात धरलं. कडेवर नंबर कोरलेला होता.

"अहो, हे वाचलं होतंत?"

युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतलं बरंचसं त्याने वाचलं होतं. हे राहिलं होतं.

नंबर कळताच शनिवारी नंदकिशोर स्वतःच बेअरिंग घेऊन आला. पोस्टावर त्याचा भरवसा उरला नव्हता. रविवारी सकाळी गाडी दोन आचके देऊन चक्क हलली.

"आता विकायची नाही ना?" श्यामसुंदरने विचारलं.

"मुळीच नाही. मी चालवायला शिकणार आहे. दत्ताराम, शिकवाल ना?"

"शिकवतलंय, बाईंनू. पण सांगलेला पुरा आयकाक व्हया."

"ऐकेन की. मी मॅट्रिकच आहे."

श्यामसुंदर निमूटपणे मागचं दार उघडून आत बसला.