ऑर्व्हिलची तरंगती वाळू

"या सप्टेंबरात मी एकटा वर जाणार, एकट्यानं एल्क पाडणार आणि एकट्यानं पाठीवर घालून खाली आणणार!"

मे महिन्यातल्या एका सकाळी, टॅमरॅक बेंडच्या एकुलत्या एका कॅफेत ऑर्व्हिल हॉगननं ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या मिशीला पॅनकेकवरचा पाक लागलेला होता. घोषणेचा दरारा त्यामुळे जरा उतरला. पण ऑर्व्हिलला मिशी दिसत नव्हती, त्यामुळे तो आपल्या जागी भलताच भारदस्त होता.

एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण, आणि शिंगं अशी की झाडच चालत आल्यासारखं वाटावं. बंदूकवाला त्याला लांबून पाडतो आणि घरी येऊन बढाया मारतो. धनुष्यवाल्याला मात्र त्याच्या पापण्या मोजता येतील इतकं जवळ जावं लागतं. त्यासाठी सगळा उन्हाळा घाम गाळायचा, अंगणातल्या फोमच्या एल्कवर रोज पन्नास बाण मारायचे, आणि पाठीवर वजन घेऊन डोंगर चढायचा. ऑर्व्हिल सव्वीस वर्षं हे करत आला होता. पण शिकारीतला जोडीदार रूडीबरोबर! तो रूडी फुप्फुसांच्या तक्रारीमुळे मार्चमध्ये लेकीकडे ॲरिझोनाला निघून गेला होता, आणि चौसष्टीचा ऑर्व्हिल मागे एकटा उरला होता.

"एकटा?" घरी हे ऐकून त्याची बायको मार्लिस म्हणाली. तिनं नुसतं एवढंच म्हटलं आणि भांडी घासत राहिली. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस; मागच्या बाकांवरच्या साठ पोरांना तो घाबरला नाही. पण या भांड्यांच्या आवाजाला घाबरला.

"अगं, मी काय म्हातारा झालोय?"

"हे बघ ऑर्व्हिल, एक ऑगस्टला चाळीस पौंड वाळू पाठीवर घेऊन डोंगरावरच्या टेहळणीच्या मनोऱ्यापर्यंत जायचं आणि आपल्या पायांनी परत यायचं. जमलं तर जा. नाही जमलं तर धनुष्य भिंतीवर, आणि तू माझ्याबरोबर टोमॅटोला पाणी घालायला."

"एवढंच? जूनमध्येच करून दाखवतो!"

दुसऱ्या दिवशी त्यानं सॅकमध्ये मोजून चाळीस पौंड वाळू भरली आणि गावातून ऐटीत निघाला. टपाल कचेरीपर्यंत शीळ घालत गेला. पुलापर्यंत नुसताच गेला. मनोऱ्याच्या वाटेवरचं पहिलं वळण आलं तेव्हा उजव्या गुडघ्यानं 'कट्' असा आवाज केला, आणि घरी येईपर्यंत तो गुडघा पावासारखा फुगला होता. गॅरेजचं दार लावून ऑर्व्हिल गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी गुडघ्यावर धरून बसला.

"गॅरेजमध्ये काय करतोयस?" मार्लिसनं बाहेरून विचारलं.

"बाण सरळ करतोय!"

"आणि वाटाणे कुठे गेले?"

तीन दिवसांनी सूज उतरली आणि डोक्यात नको ती कल्पना चढली. वाळू त्यानं फुलझाडांमागे ओतली. पाहुण्यांच्या खोलीतल्या, मार्लिसच्या आईनं स्वतः भरतकाम केलेल्या हंसाच्या पिसांच्या दोन उशा काढल्या, त्यांना घामाचा वास लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्या, आणि सॅकमध्ये कोंबल्या. सॅक बाहेरून तशीच टम्म! फक्त आता ती चाळीस पौंडांची नव्हती, चार पौंडांची होती.

मग काय! ऑर्व्हिल रोज सकाळी कण्हत, कुथत, वाकून गावातून जायचा. मनोऱ्याच्या पहिल्या वळणामागे झाडाखाली बसून सँडविच खायचा, आणि दोन तासांनी पुन्हा कण्हत परत यायचा. कॅफेतली बाई त्याला फुकट पाणी आणि कौतुक द्यायला लागली. जूनच्या शेवटच्या रविवारी तर पास्टरसाहेबांनी चर्चमध्ये सांगितलं, "आपलं ओझं कसं वाहावं, ते बंधू ऑर्व्हिलकडे पाहून शिका." मार्लिसनं त्याचा हात हातात घेतला. ऑर्व्हिलनं खाली मान घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

घरी येताना ती म्हणाली, "मी उगाच घाबरत होते तुझ्यासाठी." त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. मग परवा सांगू, असं ठरवलं.

जुलैतल्या एका शनिवारी तो पुलावर थांबून घाम पुसण्याचं नाटक करत होता. तिथे चेट बोवेन मासे धरत बसला होता. चेट निवृत्त पोस्टमन, मनानं लोण्यासारखा आणि अंगानं रेड्यासारखा.

"ऑर्व्हिल, किती रे दमलास! आण ती सॅक. पुलापुरती मी घेतो."

"नको नको! सवय मोडेल माझी!"

"गप रे. बारा वर्षं तू माझ्या पोरींना शाळेत सोडलंस. दे इकडे!"

चेटनं पाय रोवले, श्वास भरला, आणि चाळीस पौंड उचलायच्या तयारीनं सॅकला असा काही हिसका मारला, की ती त्याच्या डोक्यावरून उडाली, कठड्यावरून गेली आणि धप्पकन नदीत पडली!

"अरे देवा!" चेट ओरडला. "गेली तळाला!"

ती गेली नाही तळाला. एकदा बुडी मारून ती वर आली, गोल फिरली आणि बदकिणीसारखी डौलात पुढे निघाली.

चेट कठड्यावरून वाकला. मग हळूच म्हणाला, "ऑर्व्हिल, तुझी वाळू तरंगतेय."

"हलकी आहे ती," ऑर्व्हिल म्हणाला. "म्हणजे... वेगळ्या जातीची आहे."

पुढे वळणावर, नदीकाठच्या बागेत चर्चच्या बायकांची सहल होती. ऑर्व्हिल गुडघा विसरून काठाकाठानं पळत सुटला. तो लंगडत, धापा टाकत पोचला, तेव्हा बायका गोलाकार उभ्या होत्या. मधे मार्लिस. पालापाचोळा ओढायच्या दाताळ्यानं तिनंच सॅक बाहेर ओढली होती. सॅकचं तोंड उघडं होतं आणि तिच्या हातात आईची उशी होती. पिशवी फाटल्यामुळे एक कोपरा ओला झालेला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं!

घरी तिनं उशा उन्हात ठेवल्या. ऑर्व्हिल पायरीवर बसला होता.

"ओरड ना माझ्यावर," तो म्हणाला.

"गुडघा दाखव." तिनं त्याची पँट वर केली. "हे केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुला सांगितलं असतं तर धनुष्य भिंतीवर गेलं असतं. मग मी कोण राहिलो असतो, मार्लिस? बस गेली. रूडी गेला."

ती शेजारी बसली. "मला तुझ्या गुडघ्याची भीती नाही रे. तू वर कुठेतरी पडशील, आणि मी इथे तुझ्यासाठी कॉफी गरम ठेवत बसेन, याची भीती आहे. रूडी होता तेव्हा निदान कुणीतरी खाली येऊन मला सांगितलं असतं."

उशीच्या ओल्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"मी येते," ती म्हणाली.

"कुठे?"

"वर. तुझ्याबरोबर."

"तू? अगं, तिथे तास तास तोंड बंद ठेवावं लागतं!"

"चाळीस वर्षं तुझं गाणं ऐकून गप्प बसलेय मी. तास काय घेऊन बसलास!"

सोमवारी तिनं त्याला डॉक्टरकडे नेलं. गुडघ्याला पट्टा आला. वजन वीस पौंडांवर आलं. दहा त्याच्या पाठीवर, दहा तिच्या. एक ऑगस्टला दोघं मनोऱ्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत पोचले आणि मार्लिसनं जाहीर केलं की अट प्रत्येकाची अर्धी झाली, दोघांची मिळून पूर्ण.

एल्कच्या माद्या जशी साद घालतात तशी साद काढायला जिभेवर एक रबरी पडदा ठेवून फुंकायचा असतो. ऑर्व्हिलची साद ऐकून सव्वीस वर्षं रूडी कानात बोटं घालायचा. मार्लिसनं पडदा तोंडात ठेवला, दोनदा थुंकला, तिसऱ्यांदा फुंकला, आणि शेजारचा कुत्रा कुंपणावर चढून रडायला लागला. इतकी सुंदर साद!

शिकारीचा हंगाम सुरू व्हायला आठ दिवस होते. सकाळच्या उन्हात दोघं वरच्या माळावर एका ओंडक्याला टेकून बसले होते. धनुष्य घरी. ऑर्व्हिल सँडविच खात होता. मार्लिसनं सहज म्हणून एकदा साद घातली.

झाडीत काटकी मोडली.

मग तो बाहेर आला. पंधरा पावलांवर. शिंगांची टोकं नुकतीच घासून पांढरी झालेली, मानेवर दव, नाकातून वाफ. ऑर्व्हिलनं आयुष्यात एवढा नर पाहिला नव्हता. रूडीनंही नव्हता. ऑर्व्हिलच्या उजव्या हातात त्या क्षणी अर्धं खाल्लेलं हॅम सँडविच होतं, आणि ते त्यानं धनुष्यासारखं छातीशी धरलं होतं.

एल्कनं मार्लिसकडे पाहिलं. मान जरा कलती केली, जणू विचारत होता, तूच का ती? मार्लिसनं ऑर्व्हिलची बाही घट्ट धरली. दोघांनी श्वास रोखला. मग त्या जनावरानं सगळी दरी थरथरेल अशी एक लांब आरोळी दिली, आणि काही घाई नसल्यासारखं वळून झाडीत गेलं.



"ऑर्व्हिल," मार्लिस कुजबुजली, "तू रडतोयस?"

"छे! मोहरीची चटणी गेली नाकात. सँडविचमधली. फार घालतेस तू."

मार्लिसनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"मोहरी मंगळवारीच संपलीय," ती म्हणाली. "आणायची राहिलीय."