साळिंदराच्या नावावरचा भोपळा

एका जंगलात, बालमित्रांनो, सर्व काही यथास्थित चालले होते. कारण तेथे मोजणारा कोणी नव्हता.

त्या जंगलापलीकडे दुसरे जंगल होते आणि दोहोंच्या मध्ये एक डोह होता. उन्हाळ्यात डोहाचे पाणी कोणी प्यायचे, हे दरवर्षी एका खेळाने ठरे. पलीकडच्यांनी काखेत भोपळा मारून अलीकडच्या हद्दीत घुसायचे, अलीकडच्यांनी त्यांना अडवायचे, मग उलट. ज्यांच्या हद्दीत भोपळा अधिक वेळा टेकेल, ते हरले. हरलेल्यांनी उन्हाळाभर दूरच्या ओढ्यावर जायचे. खेळ इतका सोपा होता. तो अवघड करणारे विद्वान अजून यायचे होते.

अलीकडच्या हद्दीची उजवी बाजू दंताजी रानडुक्कर राखीत. डावी बाजू कंटकराव साळिंदर राखीत.

कंटकरावांची रीत साधी होती. ते आपल्या जागी येऊन उभे राहत आणि अंगावरचे काटे फुलवीत. बस्स. पलीकडचा वानर भोपळा घेऊन निघे, डावीकडे एक नजर टाकी आणि उजवीकडे वळे. त्यामुळे डावीकडे कधी काही घडतच नसे. तेथे बसणारे प्रेक्षक बहुधा डुलकी घेत.

उजवीकडे मात्र फार काही घडे. दंताजी वानराला आधी पुढे जाऊ देत, मग धुरळा उडवीत त्याच्यामागे धावत आणि अखेर त्याला लोळवीत. वानर कधी हद्दीच्या आधी लोळे, कधी हद्द ओलांडल्यावर. प्रेक्षक दोन्ही वेळा सारख्याच टाळ्या वाजवीत. तरीही दरवर्षी आपलेच जंगल जिंके. कारण अर्धे मैदान मुळी धोक्यातच नसे.

या राखणीच्या मोबदल्यात कंटकरावांना वारुळामागचा कंदांचा माळ करारावर मिळाला होता. माळाखाली त्यांचे बीळ होते. बिळात पत्नी शलाकाबाई आणि दोन पिल्ले. यंदा तो करार संपत होता.

नेमके याच वर्षी कुठल्याशा परदेशी तळ्यावरून मूल्यमापनशास्त्र शिकून एक करकोचा परतला. आजवर वाघमहाराज राखणदारांची पारख एकाच खुणेवरून करीत: उन्हाळ्यात आपला घसा ओला आहे की नाही. ही पद्धत अत्यंत अशास्त्रीय असल्याचे करकोचाशास्त्र्यांनी सांगितले. महाराज ओशाळले. शास्त्रीबुवांची दरबारात नेमणूक झाली.

"दंताजींच्या पकडी किती?" महाराजांनी विचारले.

"विपुल, महाराज."

"आणि कंटकरावांच्या?"

शास्त्रीबुवा एका पायावर उभे होते. त्यांनी पाय बदलला. "भोपळा," ते म्हणाले.

दरबारात खसखस पिकली. कंटकराव मात्र हरखून गेले. त्यांच्या लेखी भोपळा म्हणजे भोपळा. मोठा, पिवळा, देठासकट. विद्वानांच्या तोंडी हाच शब्द शून्याच्या अर्थाने येतो, हे त्यांच्या कानी कधी पडले नव्हते.

"अगं ऐकलंस का," घरी येताच ते म्हणाले, "दरबारात माझ्या नावावर भोपळा निघाला."

"सबंध?"

"सबंधच असणार. शास्त्रीबुवा फोडी करून कशाला देतील?"

शलाकाबाई चूल सारवायला उठल्या. इतक्यात दंताजी आले. त्यांनी माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला आणि मग वारुळाला पाठ घासून पाहिली.

"वहिनी, हे वारूळ काढावं लागेल," ते म्हणाले. "लोळताना मध्ये येतं."

"तुम्ही आमच्या माळावर कशाला लोळाल, भाऊजी?"

"भोपळा म्हणजे काय, हे सांगितलं नाही वाटतं यांनी?"

मग दंताजींनीच ते सांगितले. सारवण्याचे काम तसेच राहिले.

कंटकराव तडक शास्त्रीबुवांकडे गेले. "माझ्या बाजूनं कोणी येतच नाही, बुवा. मग पकडू कोणाला?"

"तेच तर मी म्हणतो. जो आलाच नाही, त्याला तुम्ही अडवलंत याला प्रमाण काय?"

"वानराला विचारा."

"तो प्रतिपक्षाचा. त्याची साक्ष ग्राह्य नाही." शास्त्रीबुवांचा स्वर मवाळ झाला. "अजून यंदाचा सामना व्हायचा आहे. काहीतरी घडवा, राव."

'राखणे' आणि 'पकडणे' ही दोन क्रियापदे निराळी आहेत, मुलांनो. पहिले नीट पार पडले, तर दुसऱ्याची वेळ येत नाही. परंतु परदेशी तळ्यावर व्याकरण शिकवीत नसत.

सामन्याच्या दिवशी कंटकराव आपल्या जागी उभे राहिले. त्यांनी बिळाच्या दिशेने एकदा पाहिले. मग अंगावरचे सारे काटे हळूहळू मिटून घेतले. काटे मिटल्यावर ते एखाद्या थोराड घुशीसारखे दिसू लागले.

वानर भोपळा घेऊन निघाला. त्याने सवयीने डावीकडे नजर टाकली आणि जागीच थबकला.

"काय हो, बरं नाही का?"

"छान आहे की. या, संकोच करू नका."

वानर बिचकत आला, पुढे सरकला, हद्दीत भोपळा टेकवून परतला. मग पुन्हा आला. मग भावंडांना घेऊन आला. तेव्हा कुठे कंटकरावांनी काटे फुलवले, आरोळी ठोकली आणि धुरळ्याच्या लोटात एकेकाला लोळवायला सुरुवात केली. भोपळा केव्हाच हद्दीत पोचला होता; पण डावीकडचे प्रेक्षक प्रथमच उठून उभे राहिले होते. शास्त्रीबुवा मोजता मोजता थकले.

जंगल हरले. डोह पलीकडच्यांचा झाला.

"कंटकरावांची ही आजवरची सर्वोत्कृष्ट कामगिरी," शास्त्रीबुवांनी दरबारात जाहीर केले. महाराजांनी कराराचे नूतनीकरण केले आणि वर एक भोपळा बक्षीस दिला. त्यांना चार शब्द गौरवाचेही बोलायचे होते, पण घसा कोरडा पडल्यामुळे दोनच बोलता आले.

कंटकरावांनी भोपळा घरी आणून शलाकाबाईंपुढे ठेवला.

"सबंध आहे," ते म्हणाले.

"आणि पाणी?"

"त्याचाही भोपळा," ते म्हणाले.

या खेपेस अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. शलाकाबाईंनी तो भोपळा पोखरला, उन्हात वाळवला आणि त्यात पाणी आणण्यासाठी पिल्लांना घेऊन त्या दूरच्या ओढ्याची वाट चालू लागल्या.

तात्पर्य: संकटाला हद्दीबाहेरच थोपवणारा राखणदार काडीच्या कामाचा नसतो. शहाण्याने संकटाला आत घ्यावे, त्याचा कार्यभाग उरकू द्यावा आणि सगळे पाहत आहेत याची खात्री झाली, की मगच त्याच्यामागे जिवाच्या आकांताने धावावे.