भाऊजींनी पास केलेला लॅपटॉप

आमचे नामदेव भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी गादीवर बसतात, मग गादीची शिवण शोधतात आणि तिच्यातून चिमूटभर कापूस ओढून काढतात. तो दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूच ताणतात, तुटलेला धागा दारातल्या उजेडात धरतात आणि घरमालकाकडे अशा काही नजरेनं बघतात की त्याला वाटावं, डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवलंय.

"तुम्हाले फसवलं बाप्पा," ते सांगतात. "हा फरदड हाय."

वेचण्या संपल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, तशीच उभी ठेवली की शेवटी जो मरतुकडा कापूस निघतो, तो फरदड. माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या गादीचा निकाल भाऊजींनी भर मांडवात असाच लावला होता. सासरे अजूनही गादीचा विषय निघाला की पंखा वाढवायला उठतात.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. मुक्काम बोरी अरब. सारी नोकरी त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून केली. गाडी आली की वर चढायचं, वरचा थर बाजूला सारायचा आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. "वरचं नको दाखवू, मधातलं काढ," हे त्यांचं ब्रीद. आत हाताला ऊब लागली म्हणजे कापूस ओला. मग एक सरकी दाताखाली घ्यायची, ती कडकन वाजली पाहिजे. शेवटी एकच शब्द. "पास." नाहीतर "परत."

हे शब्द केंद्राच्या फाटकाच्या आत राहिले असते तर काही म्हणणं नव्हतं. पण भाऊजी आंबे पास करतात, पाहुणे परत करतात. ताईला बघायला आले होते तेव्हा त्यांनी मलाही एकदा उजेडात नीट पाहून घेतलं आणि लग्नानंतर तिला सांगितलं, "तुझा भाऊ कवडी नाई. पण धागा आखूड हाय." कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. आपण तो नाही, एवढंच ऐकून मी कित्येक वर्षं खूश होतो. पुढचं वाक्य मला माझ्या बायकोनं समजावून सांगितलं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. भाव पडले, बोंडअळी आली, त्या वर्षांत गाड्या परत पाठवायचं काम याच अंगठ्यांच्या वाट्याला आलं. भाऊजींनी कधी खोटी ग्रेड दिली नाही, ना वरची ना खालची. पण ज्याची गाडी परत गेली त्यानं ते का लक्षात ठेवावं? निवृत्त झाल्यावर भाऊजी चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे तेव्हा बाकड्यावर त्यांना जागा मिळायची, हवी त्यापेक्षा जास्तच. मग त्यांनी जाणं सोडलं. ताई गेल्यानंतर घरात ते आणि त्यांची मुलगी पल्लवी, एवढीच माणसं उरली.

पल्लवी लग्नाचे अल्बम आणि फिल्मा करते. म्हणजे नवरा-नवरीला ढगांतून चालवते. तिचं काम बघून पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं. शिकवण्याच्या फिल्मा करायच्या, गिऱ्हाइकांशी बोलायचं, त्यांना नमुने आणि कोटेशनं पाठवायची. ऑफिसात येऊन करा किंवा घरून करा, पण यंत्र तुमचं आणि दमदार पाहिजे, अशी अट. पल्लवीनं मला फोन केला.

"मामा, मी घरूनच करीन. बाबांले एकटं टाकून कशी जाऊ?"

"अगं, पण ऑफिसात राहून चार गोष्टी शिकशील."

"ते बी कळते मले. पण ठरलं माझं. तुम्ही फक्त लॅपटॉप घ्यायले संग या. तुम्हाले कळते ना त्याच्यातलं?"

मी शाळेत क्लार्क आहे. कार्यालयातल्या संगणकाचा पासवर्ड माझी जन्मतारीख आहे आणि तीही मी दोनदा चुकवली आहे. तरी मी गंभीर आवाजात म्हणालो, "पाहू आपण."

यवतमाळच्या बाजारातल्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं काचेवर ठेवलेला एक लॅपटॉप पुढे सरकवला. भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे खोक्यांची थप्पी होती, तिच्याकडे बोट दाखवलं.

"वरचं नको दाखवू. मधातलं काढ."

"काका, सारे सेम असतात. कंपनीचा माल हाय."

"गाडीवाले बी हेच सांगत."

थप्पी उतरली. मधलं खोकं उघडलं. भाऊजींनी ते यंत्र दुकानाच्या उंबरठ्यावर, सावलीतल्या उजेडात न्यायला लावलं आणि पल्लवीला म्हणाले, "याच्यात कापसाचा फोटो लाव." मग खिशातून खरा कापूस काढला. कापसाचा पुंजका त्यांच्या खिशात असतोच, जसा इतरांच्या खिशात रुमाल. तो त्यांनी पडद्यावरच्या कापसाशेजारी धरला.

"निळा मारते. परत."

दुसरा पिवळा मारत होता. तिसऱ्याचा रंग बरा होता, पण पल्लवीनं पेन ड्राइव्हवरून तिची एक जड फिल्म त्यावर चढवली तेव्हा आतून असा आवाज यायला लागला की भाऊजींनी कान लावला आणि दुकानदाराला विचारलं, "थ्रेशर लावून सोयाबीन काढून राह्यला का?"

आता दुकानदाराच्या चेहऱ्यावरची वैतागाची आठी गेली होती. तो पोराटोरांना आकडे सांगून लॅपटॉप विकणारा माणूस, पण खिशातल्या कापसानं पांढरा रंग तपासणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं एक जाडजूड लॅपटॉप आणला. "काका, हा घ्या. ताकद फुल. जाड हाय, वजनदार हाय, पण घरी टेबलावरच ठेवायचा ना? महागड्याच्या अर्ध्या पैशात काम."

त्याचा पांढरा रंग बरोबर आला. फिल्म झपकन झाली. भाऊजींनी चालू असताना खालून तळहात लावला, ऊबही बेताची. मी तज्ज्ञ म्हणून घसा खाकरला. "भाऊजी, हाच घ्या. घरात वापरायला वजनाचं काय?"

भाऊजींनी तो पल्लवीच्या पिशवीत घातला. "खांद्यावर घे अन् जिना चढून ये. पार वरतोरी."

दुकानाच्या इमारतीला तीन मजले. पल्लवी चढून आली, खांदा चोळत.

"परत," भाऊजी म्हणाले.

मग दुकानदारानं आतून अगदी शेवटचा आणला. राखाडी, पाटीसारखा पातळ. किंमत सांगताना त्यानं आवाज खाली केला, मी खुर्चीला धरलं. भाऊजींनी तो दोन्ही हातांत घेतला, अंगठे मधोमध आणले आणि सवयीनं...

"काका, ताणू नका!" दुकानदार गल्ल्यावरून उडी मारून आला.

त्यानंतर तपासणी नीट झाली. पांढरा रंग खिशातल्या कापसाला जुळला, इतका की पुंजका पडद्यापुढून हलवला तरी कोणता खरा ते मला सांगता येईना. (माझा धागा आखूड आहे हे वर आलंच आहे.) चार्जर काढून चालवला, कारण बोरीत लाईन कधी जाईल सांगता येत नाही. माझा दुसरा चहा होऊन तासभर लोटला तरी तो थकला नाही. खालून हात लावून भाऊजी म्हणाले, "ऊब हाय, ताप नाई." पंखा हळू कुजबुजल्यासारखा. एकच खोट निघाली. पेन ड्राइव्ह लावायला भोकच नाही, त्यासाठी वेगळी शेपटी घ्यावी लागते.

"शेपटी संग दे," भाऊजी दुकानदाराला म्हणाले. "पल्लवी, चढ."

पल्लवी पिशवी घेऊन वर गेली. भाऊजी जिन्याच्या तळाशी उभे राहून तिच्या चपलांचा आवाज ऐकत होते. ती खाली आली.

"दम लागला?"

"नाई बाबा."

"खांदा?"

"काहीच नाई. पिशवी रिकामी हाय असं वाटते."

"पास."

मला राहवलं नाही. "भाऊजी, इतके जास्तीचे पैसे फक्त वजनासाठी? बोरीच्या घराला दोन पायऱ्या आहेत. तिला जिना कुठं चढायचाय?"

भाऊजी पुंजका खिशात ठेवत होते. "पुण्यात ऑफिसं वरच असतात म्हणे."

पल्लवीनं पिशवी खांद्यावरून उतरवली. मग म्हणाली, "बाबा, मी घरूनच करणार हावो. आपलं ठरलं ना?"

"तुझं ठरलं. मले कोणी विचारलं?"

"तुम्ही एकटे राहाल!"

"टेबलावरच ठेवाचं यंत्र घेतलं असतं ना पोरी, तं तू बी टेबलाजवळच बसून राह्यली असती. माह्यासाठी." ते दुकानदाराकडे वळले. "बांध."

"अन् मले नाई जमलं तिथं?"

"तं उचलून घेऊन ये. हलकाच तं हाय."

पल्लवीनं तिथं दुकानात, लोकांसमोर, बापाच्या दंडाला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. दुकानदार खोक्याला चिकटपट्टी लावत होता. गरजेपेक्षा जास्तच लावली त्यानं.

पल्लवी पुण्याला गेली. तिथं तिचं बरं चाललंय, पहिली फिल्म कंपनीच्या माणसांना आवडली. ऐतवारी सकाळी ती घरी व्हिडिओ कॉल करते, आणि भाऊजींनी त्या वेळेला मला बोरीत हजर राहायला सांगितलंय. कारण विचारलं तर म्हणाले, "मले बटनं कळत नाई." बटण एकच आहे, हिरवं.

गेल्या ऐतवारी मी जरा लवकर पोचलो. भाऊजींनी दाढी केली होती. इस्त्रीचा सदरा होता. खुर्चीमागच्या भिंतीला नवा चुना लावला होता, खुर्चीमागे जेवढी दिसते तेवढ्याच भिंतीला. बाजूला धुतलेल्या दोन थाळ्या मांडलेल्या.

"काय भाऊजी, कोणाचं स्थळ बघायला येतंय?"

"तसं नाई बे. तिच्या पडद्यावर सारं दिसते," ते भांग पाडत म्हणाले. "मीच पास केला तो. दाढी वाढली दिसली तं पोट्टी घाबरीन. म्हणीन, बाबा एकटे पडले, काही खात नाई."

भाऊजींच्या फोनच्या कॅमेऱ्याला तडा गेलेला आहे. पल्लवीचा पडदा कितीही लखलखीत असला तरी तिला पलीकडे दिसत असणार ते धुक्यातलं एक माणूस. मी तज्ज्ञ आहे, मला एवढं कळतं. सांगितलं मात्र नाही.

फोन वाजायला लागला. मी लांब बाजेवर बसायला निघालो, तर भाऊजींनी हाताला धरून ओढलं.

"तिकडं कायले? इथं बस, माह्याजवळ." मी बसलो. त्यांनी खांद्याला खांदा लावून मला आणखी आत सरकवलं. "अजून ये. मधात जागा खाली दिसते."

आणि पल्लवी दिसायच्या आधीच ते हसायला लागले.