नमुना ‘ग’चा बेस

ग्रंथालयाच्या ध्वनी-दालनासाठी दणदणीत बेसचे हेडफोन घ्यावेत, अशी एक लेखी सूचना सूचनापेटीत सापडली. मुळात ती सापडायला नको होती. अकरा वर्षं ती पेटी कोणी उघडली नव्हती आणि त्या दिवशीही कुलूप गंजलंय का, एवढंच पाहायचं होतं. पण उघडली गेली. आणि उघडल्या पेटीतल्या कागदावर कार्यवाही करावीच लागते.

सूचना तळमजल्यावरच्या बांधणीकाकांची होती. फाटक्या पुस्तकांना नवा जन्म देण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. खळ लावायची, पाठ गोल करायची आणि लाकडी मोगरीने ठोकायची. ठोकण्याची त्यांची एक चाल होती: दोन हलके, एक दमदार. त्यांना स्वतःला ती कधी ऐकू आली नाही. आपल्या श्वासाकडे कोण लक्ष देतं?

त्यांची लेक दूरच्या शहरात संगणकावर नाचाचं संगीत तयार करायची; तसल्या हेडफोनांचं त्यांनी तिच्याकडूनच ऐकलं होतं. तिचं पहिलंवहिलं गाणं बाहेर आलं, त्या रविवारी तिचा फोन आला.

“ऐकलंत, बाबा?”

“ऐकलं गं. छान आहे. पत्र्यावर कोणी तांदूळ सांडतंय, असं वाटतं.”

“अहो, ते वरचं झालं! फोनवर ऐकलंत ना? नको म्हटलं होतं. खरं गाणं खालच्या थरात आहे. चांगल्या बेसचे हेडफोन असल्याशिवाय तो थर ऐकूच येत नाही. पाठवू एक जोड?”

“कशाला? आमच्या ग्रंथालयातच येतायत.”

“कधी?”

“प्रक्रियेत आहेत,” काका अभिमानाने म्हणाले.

“बरं. मग ऐका आणि खाली काय आहे ते सांगा. मी नाही सांगणार. तुम्हीच ओळखायचं.”

इकडे समिती बसली. अध्यक्षस्थानी ग्रंथपालबाई, सोबत भांडारपाल आणि शांतता-निरीक्षक. वाचनकक्षात चवड्यांवर फिरायचं आणि खोकणाऱ्याकडे तो शरमेल इतका वेळ पाहायचं, हे निरीक्षकांचं काम. बेस म्हणजे काय, यावर पहिली बैठक खर्ची पडली. शेवटी ज्ञानकोशातून व्याख्या निघाली: बेस हा ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवणारा आवाज होय.

“म्हणजे ऐकू आला नाही तरी चालेल?” बाईंनी विचारलं.

“उलट जितका कमी ऐकू येईल, तितका तो शुद्ध,” निरीक्षक म्हणाले. हे वाक्य इतिवृत्तात गेलं आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

तीन नमुने आले. भांडारपालांनी नियमाप्रमाणे प्रत्येकाला चिठ्ठी लावली. ‘क’ला आणि ‘ख’ला दोऱ्याने बांधली. ‘ग’पर्यंत येईतो दोरा संपला, तेव्हा त्यांनी स्टेपलर घेतला आणि चिठ्ठी सरळ वायरीवर ठेवून पिन मारली. पिन आरपार गेली. चिठ्ठी पक्की बसली.

आता नमुने तपासायचे कसे? समितीने माल कानाला लावला, तर तो खरेदीपूर्व उपभोग ठरतो. तेव्हा कान बाहेरच्या माणसाचे असावेत आणि समितीने हातभर अंतरावरून निरीक्षण करावं, असं ठरलं. बांधणीकाकांना वर बोलावण्यात आलं. कागदोपत्री त्यांचं पद होतं ‘प्रात्यक्षिकासाठी डोके’.

काकांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. “बाई, आमच्या मुलीचं गाणं आहे. तेच लावलं तर—”

“चाचणीत खासगी संगीत चालत नाही, काका.”

भांडारातलं मंजूर नृत्यसंगीत लावलं. ‘क’मधून बाहेर धप्-धप् आलं, निरीक्षकांनी कपाळाला आठ्या घालून शेरा लिहिला. ‘ख’मधून थोडं कमी आलं, आठ्याही थोड्या कमी झाल्या. ‘ग’ चढवला आणि खोलीत शांतता पसरली. तिघं कान देऊन उभी राहिली. बाईंनी डोळे मिटले.

“काय शुद्ध आहे!” निरीक्षक कुजबुजले.

“अहो, पण यात काहीच—” काका म्हणाले.

“काका, समितीला तुमचं डोकं हवंय. मत लागलं तर वेगळं पत्र काढू.”

नमुना ‘ग’ एकमताने मंजूर झाला. दहा संच, ‘नमुन्याबरहुकूम’. दुकानदाराने दहा कोरे करकरीत संच आणले. भांडारपालांनी एकेक हातात घेऊन नमुन्याशी ताडून पाहिला आणि दहाच्या दहा परत केले.

“पिन नाही,” ते म्हणाले.

“कसली पिन?”

“नमुन्यात वायरीला पिन आहे, मालात नाही. शिवाय तुमच्या मालातून आवाज येतो.”

“साहेब, हेडफोनमधून आवाज येणारच ना!”

“नमुन्यातून येत नाही.”

दुकानदार नवा नव्हता. असल्या कार्यालयांना तो वीस वर्षं माल पुरवत आला होता. त्याने भांडारपालांकडूनच स्टेपलर मागून घेतला, जिन्याच्या पायरीवर बसला आणि चट्, चट्, दहा पिना मारल्या. माल तपासणीत उत्तीर्ण झाला.

दालन सुरू झालं. पहिला मान व्यायामशाळेच्या मास्तरांना मिळाला. त्यांनी हेडफोन चढवला, भुवया उंचावल्या, मग समोर रांगेत उभ्या सात माणसांकडे पाहिलं आणि हळूहळू मान डोलवायला सुरुवात केली. अभिप्राय नोंदवहीत त्यांनी लिहिलं, “बेस जबरदस्त. थेट छातीत जाणवतो.” दुसऱ्याने ते वाचलं आणि लिहिलं, “खालचा थर फारच छान उतरला आहे.” एक दातांच्या डॉक्टरीणबाई पाच मिनिटांत उठल्या. “इतका बेस मला सोसत नाही हो,” म्हणत त्यांनी आवाज कमी करून मागितला. तो कमी करून देण्यात आला. त्यांना बरं वाटलं.

महिन्याभरात एकशे त्रेचाळीस अभिप्राय जमले. मग कर्मचाऱ्यांची पाळी आली.

काकांनी पेनड्राइव्ह लावला, हेडफोन चढवला, डोळे मिटले. काही नाही. बटण फिरवलं. काही नाही. त्यांनी नोंदवही उलटून पाहिली. एकशे त्रेचाळीस माणसांना ऐकू आलं होतं. चाचणीच्या दिवशी जे तोंडावर आलं होतं, ते आता घशाखाली गेलं. तीस वर्षं मोगरीशेजारी कान ठेवला, गेले असतील कान. त्यांनी हेडफोन हलकेच काढून जागेवर ठेवला, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसा.

रविवारी फोन आला.

“ऐकलंत?”

“ऐकलं ना. खालचा थर फारच छान उतरलाय.” वाक्य नोंदवहीतलं होतं.

“मग ओळखलंत?”

काका नोंदवहीतलं पुढचं वाक्य आठवू लागले.

“बाबा?”

“अगं... खूप खोल आहे ना ते.”

“हो,” ती म्हणाली. “राहू दे.” आणि ती हवापाण्याचं बोलू लागली. तिने हवापाण्याचं बोलणं काकांना फार लागलं.

सोमवारी दुपारी ते पुन्हा वर गेले, पेनड्राइव्ह लावला, हेडफोन चढवला. ऐकू येणार नाही, हे ठाऊक होतं. नुसतं तिच्या गाण्याजवळ बसायचं होतं. बसल्या बसल्या वायर बोटांत आली आणि बोटाला पिन लागली. पिन गंजू लागली होती. बांधणीला घेतलेल्या पुस्तकातली पिन आधी काढायची, नाहीतर गंज कागद खातो, हे त्या बोटांना कोणी सांगावं लागत नव्हतं. काकांनी खिशातली बोथट सुरी काढली, पिनेचे पाय सरळ केले आणि ती उपसली.

धप् धप्, धप्प.

वर तांदूळ सांडत होते आणि खाली, जमिनीतून यावं तसं, कोणी ठोकत होतं. दोन हलके, एक दमदार. काकांचा उजवा हात आपोआप उचलला गेला. तीस वर्षं ते ठोके त्यांनीच मारले होते. ऐकले मात्र आज.

त्यांनी तिथूनच फोन लावला. “मोगरी,” ते म्हणाले.

“मागच्या वेळी आले होते ना,” पलीकडून लेक म्हणाली, “दारात उभी राहून तिचा आवाज भरून घेतला. तुम्ही मान वर केली नाहीत.”

एवढ्यात शांतता-निरीक्षक चवड्यांवर धावत आले. संच क्रमांक सातमधून आवाज येत होता! तातडीची बैठक झाली. संच सदोष ठरला, निर्लेखित झाला आणि भंगार म्हणून तळमजल्यावर बांधणी विभागात पाठवण्यात आला. तिथे तो रोज दुपारी सदोष चालतो.

काकांनी नोंदवहीत एकच शेरा लिहिला होता: “पिन काढा.” तो हस्ताक्षर अस्पष्ट म्हणून निकालात काढला आहे. बाकीचे नऊ संच उत्तम स्थितीत आहेत. आपण जरूर यावं. रांगेत आपल्यामागे साधारण सात माणसं असतील आणि ती आपल्याकडेच पाहत असतील. नोंदवहीत आपल्यासाठी एक ओळ सोडलेली आहे. वेळ वाचावा म्हणून आपला अभिप्राय पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलाय. आपण फक्त मान डोलवायची आणि खाली सही करायची.