गाद्यांचा जॉब आणि माझं मौन

एक दिवस तोंड बंद ठेवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी घर पाण्यात जाईल, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही.

कारण होतं यांची नोकरी. हे गाद्या विकणाऱ्या कंपनीत आहेत, पण गादीला हात लावत नाहीत. दोन शाखांच्या संगणकांतली गिऱ्हाइकांची माहिती उचलायची आणि एका जागी नीट नेऊन ठेवायची, हे यांचं काम. त्याच्या एकेका टप्प्याला जॉब म्हणतात. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, अशी साखळी. मध्ये एखादा अडला, तर त्याने तसं कळवायचं आणि पुढच्यांनी थांबायचं. मागच्या खेपेला पत्त्यांचा जॉब अडला, पण कळवायचं राहून गेलं. पुढचे जॉब खुशाल चालत राहिले आणि गावभरच्या गाद्या एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या दारात येऊन पडल्या. माणूस सज्जन. एवढंच म्हणाले, जन्मभर लोकांचं टपाल वाटलं, आता गाद्या वाटायचं वय राहिलं नाही. यांचे साहेब तेवढे सज्जन नव्हते. पुन्हा असं झालं तर गोदामात गाद्या झटकायला बसवीन, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं.

म्हणून साखळी पुन्हा चालवायचा दिवस ठरला तशी मी नवस बोलले: त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मौन. (माझा नवसांवर विश्वास आहे. यांच्यावरही आहे, पण नवस जास्त वेळा पास झालेत.) खुणा चालतील, लिहून दाखवणं मात्र पळवाट, असं कलम सासूबाईंनी घातलं. आदल्या दिवशी यांनाही सगळं समजावून सांगितलं. हे हेडफोन लावून पडद्याकडे बघत म्हणाले, "हं, बरोबर आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं काही चुकतंय असं यांनी एकदाही म्हटलेलं नाही. नशीब लागतं.

त्या दिवशी हे घरूनच काम करणार होते. सकाळी चहा घेताना यांनी साखळीचा नियम घरालाही लावला. अडचण असेल तरच बोलायचं. कोणी काही बोललं नाही म्हणजे काम यशस्वी झालं असं धरायचं. उगाच दर मिनिटाला कोण विचारत बसणार? मी नम्रपणे मान डोलावली.

दुपारी कपड्यांचं मशीन लावून मी जपाला बसले. डोळे उघडले तेव्हा मशीनचा पाइप निसटला होता आणि पाणी न्हाणीघराचा उंबरा ओलांडून शांतपणे यांच्या खोलीकडे निघालं होतं. तिथे टेबलाखाली, जमिनीवरच, विजेचा बोर्ड. त्यात यांचा संगणक, संगणकात साखळी, साखळीत आमचा संसार.

मी धावत जाऊन यांच्या पुढ्यात हात हलवले. जमीन दाखवली, दार दाखवलं, पाणी वाहतंय असं बोटांनी करून दाखवलं. कानांवर हेडफोन, नजर पडद्यावर. "हं, बरोबर आहे," हे म्हणाले.

मग मी सासूबाईंकडे गेले. तोच अभिनय, जरा जास्त जीव ओतून. त्यांनी तो मन लावून पाहिला. "अगं, मग पी की," त्या म्हणाल्या. "मौनाला पाणी चालतं." आणि आतून भरलेला पेला आणून माझ्या हातात दिला.

एका हातात पेला घेऊन मी देवाचं नाव घेतलं (मनात) आणि दुसऱ्या हाताने घराचा मेन स्विच खाली ओढला.

यांचा पडदा काळा झाला. यांचा चेहराही. हेडफोन काढून हे उभे राहिले ते थेट पाण्यात. आता गोदाम, एवढंच पुटपुटले. मला तर झटकलेल्या गाद्यांची धूळही दिसायला लागली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"साखळी कोणी थांबवली?" साहेबांनी विचारलं.

यांनी कपाळावरचा घाम पुसला. मी थांबवली, असं हे कसंबसं म्हणाले.

शाबास, म्हणाले साहेब. दुसऱ्या शाखेची गिऱ्हाइकं आलीच नव्हती. तो जॉब गप्प बसला, म्हणून पुढच्याने काम झालं असं धरलं आणि जुनी यादी पुसायची तयारी चालवली. आणखी थोडं चाललं असतं तर सगळंच गेलं असतं. हे सावरून बसले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "हो साहेब, पर्यायी व्यवस्था ठेवली होती." पर्यायी व्यवस्था तेव्हा गुडघ्यावर बसून फरशी पुसत होती.

सूर्य मावळला. जेवताना हे सासूबाईंना नवा नियम समजावत होते: गप्प राहिलं म्हणजे सगळं ठीक, असं कधी धरू नये, प्रत्येकाने बोललंच पाहिजे. मला भरून आलं. सबंध दिवसात मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाले, "आज दिवसभर तुमच्यासाठी मौन पाळलं हो मी."

यांचा घास हातातच राहिला. "मौन? कधी? दुपारी तर माझ्या समोर उभी राहून केवढं बोललीस."

"मी? काय बोलले?"

"तेच, नेहमीचं," हे प्रेमाने म्हणाले. "आणि अगदी बरोबर होतं तुझं."