विहीणबाईंची ताठ बॅग

"आता ही बॅग वाकली तर मी धंदा सोडीन!" बंबांनी जाहीर केलं. हातानं चामड्याच्या बॅगा शिवणारे हे गृहस्थ सदा तापलेले असत, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बंबच म्हणायची.

या वेळी मात्र तापायला कारण होतं. गेल्या आठवड्यात लेकीच्या सासूबाईंनी बंबांनी दिलेली नवी बॅग टेबलावर ठेवली आणि बॅगेनं सरळ अंग टाकलं. विहीणबाई गोड हसून म्हणाल्या, "बसली बाई! दमली असेल!" सगळे हसले. जावईसुद्धा! विहिणीला उलट बोलायची सोय नाही, त्यामुळे बंब आठ दिवस दारांवर, नळांवर आणि बायकोवर ओरडत होते. दुरुस्त बॅग न्यायला विहीणबाई आज अकराला येणार होत्या.

उपाय सोपा होता. शिवणींना आतून गरम सरसाचा, म्हणजे चिकट गोंदाचा, एक पातळ हात दिला की त्या ताठ होतात. एकच हात! पण पहिला हात देताना बंबांना "दमली असेल" आठवलं, म्हणून त्यांनी दुसरा दिला. मग जावयाचं हसू आठवलं. असे चार हात झाले. वाळेपर्यंत आकार टिकावा म्हणून बॅगेत कागद कोंबायचे असतात. घरात रद्दी नव्हती. जेवणाच्या टेबलावर एक गठ्ठा दिसला, तो कोंबला आणि तोंड दाबून बंद केलं.

तासाभरानं बाई घाईघाईनं बाहेर आल्या. बाई म्हणजे बंबांची बायको; त्या शाळेत शिकवायच्या.

"अहो, इथले पेपर कुठे गेले?"

"कसले पेपर?"

"सातवीचे! तपासलेले! दहाला द्यायचेत!"

बंबांनी बॅगेकडे पाहिलं. बाईंनी बंबांकडे पाहिलं.

"उघडा ती!"

बंबांनी ओढलं. सरस ओघळून तोंडापर्यंत आला होता आणि दगड झाला होता. मग एका बाजूनं बंब, दुसऱ्या बाजूनं बाई.

"जोर लावा की!"

"लावतोच आहे! नाचतोय का मी?"

"फाडा!"

"वेड लागलंय का? अकराला त्या येणार! पुन्हा हसतील माझ्यावर!"

"आणि बेचाळीस पोरांना मी काय सांगू? तुमचे मार्क बॅगेत वाळत घातलेत?"

बंबांना भयंकर राग आला. कोणावर काढावा म्हणून त्यांनी चौफेर पाहिलं, पण या खेपेला स्वतःखेरीज कोणी सापडेना. तेव्हा ते जास्तच चिडले. दात-ओठ खात त्यांनी चामडं कापायची रापी घेतली आणि मेहनतीनं ताठ केलेल्या बॅगेची एक अख्खी बाजू वरपासून खालपर्यंत कापून काढली. पेपर निघाले, कडांना पत्र्यासारखे कडक झालेले. बाई ते छातीशी धरून धावत सुटल्या.

दारातच त्यांना विहीणबाई भेटल्या. दीड तास आधी!

बंबांना लपवायलाही वेळ मिळाला नाही. बॅग टेबलावर होती. रिकामी, एक बाजू गायब, तरी पोलिसासारखी ताठ उभी. विहीणबाईंनी समोरून बोटानं ढकलून पाहिली. हलेना.

"अगंबाई! उभी राहिली की हो!"

बंबांची छाती फुगली. आठ दिवसांचा राग झर्रकन उतरला.

विहीणबाई टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. कापलेल्या बाजूतून आत डोकावल्या.

"छान आहे हो," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "फक्त सामान धरायला कोणीतरी सोबत द्या."

बंबांचे कान लाल झाले. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं.

"चहा टाकतो," ते म्हणाले.