सासूबाई गेल्या त्या दिवशी

सकाळचा चहा अर्ध्यावर आला असताना आरंभरावांनी जाहीर केलं की आजपासून आपण ब्लॉग लिहिणार. घरातल्या साध्यासुध्या गोष्टींवर, रोज एक लेख. "आणि एक दिवस जरी चुकला ना, तर ही मिशी उतरवून टाकीन."

आता ही मिशी म्हणजे ऐरीगैरी नव्हती. लग्नाच्या फोटोत आधी मिशी दिसते आणि मग तिच्यामागे उभा असलेला नवरा. एवढी मोठी वस्तू पणाला लागली म्हटल्यावर बायकोनं कप खाली ठेवला.

"गिटारच्या वेळी काय लावलं होतंत?"

"ती गोष्ट वेगळी."

"आणि पळायच्या मशीनच्या वेळी?"

पळायचं मशीन गॅलरीत होतं. त्यावर टॉवेल छान वाळत. 'आरंभराव' हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, ते ऑफिसनं प्रेमानं दिलं होतं. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत, लिफ्टमध्ये मधेच अडकलेल्यांचे फोन घेणं हे त्यांचं काम. ते त्यांना झकास जमे. अर्ध्यावर थांबणं म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला इतकं ठाऊक असणार?

"लिहा हो जावईबापू, मी रोज वाचीन," सासूबाई म्हणाल्या. त्या थोड्या दिवसांसाठी लेकीकडे राहायला आल्या होत्या. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाई. पहिल्या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी दुपारच्या आत काढून दिल्या.

मिशीची प्रतिज्ञा आरंभरावांनी त्या पहिल्याच लेखात टाकली होती. त्यामुळे आता माघार नाही. आठवडाभर गाडी जोरात चालली आणि मग घोडं पेंड खायला लागलं. घरात रोज रोज घडणार तरी काय? अशात त्यांना ब्लॉगमध्ये एक सोय सापडली. लेख आज लिहायचा, तारीख पुढची टाकायची, त्या सकाळी तो आपोआप झळकणार. आरंभरावांना ब्रह्मानंद झाला. एका रविवारी बसून त्यांनी पुढच्या महिनाभराचं आयुष्य लिहून काढलं आणि सोफ्यावर आडवे झाले. यालाच म्हणतात सातत्य, असं त्यांनी बायकोला सांगितलंसुद्धा.

त्यातला पहिलाच लेख होता 'लिफ्ट सोडा, जिना धरा'. रोज जिना चढल्यानं आपण कसे तरुण झालो, याचं त्यात रसभरीत वर्णन होतं. आरंभराव स्वतः जिना चढले होते ते लिफ्ट बंद पडली तेव्हा, तेही कुरकुरत. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "राव, पगार लिफ्टचा आणि जाहिरात जिन्याची?" पण खरा घोटाळा घरी झाला. सासूबाईंनी लेख वाचला, प्रभावित झाल्या आणि भाजी आणायला जिन्यानं उतरल्या. तिसऱ्या मजल्यावर पाय मुरगळला. प्लास्टर घातलं गेलं आणि त्यांचं गावाला परत जाणं लांबलं.

प्लास्टरच्या गडबडीत आरंभराव एक गोष्ट साफ विसरले. ती गोष्ट ठरल्याप्रमाणे, ठरल्या दिवशी, सकाळी सकाळी झळकली.

लेखाचं नाव होतं 'अखेर सासूबाई गेल्या'. आत लिहिलं होतं : "काल सासूबाई गेल्या. घर एकदम मोकळं मोकळं वाटतंय. खोटं कशाला बोलू, कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली."

आरंभराव दाढी करत होते. बाहेर बेल वाजली. बायको गाडी काढायला खाली गेली होती, म्हणून दाराजवळच खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाईंनी हात लांब करून कडी काढली. दारात साहेब. मान खाली, आवाज खोल.

"वाचलं आणि राहवलं नाही. कसं झालं हो हे?"

सासूबाईंना वाटलं, पायाची चौकशी करायला आले बिचारे. "जिन्यावरून घसरून," त्या म्हणाल्या.

"अरेरे. फार त्रास झाला का?"

"पहिल्या दिवशी झाला. आता काही जाणवत नाही."

"सुटल्या म्हणायच्या."

"अजून कुठे? प्लास्टर काढलं की सुटेन."

साहेब जरा गोंधळले. "शेवटी जवळ कोण होतं?"

"जावईबापू होते ना. सोफ्यावर झोपले होते."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "त्या तुमच्या कोण?"

"कोण त्या?"

साहेबांनी फोन पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि शांतपणे, एकही शब्द न गाळता, स्वतःच्या जाण्याची बातमी वाचली. तोंडाला अर्धा फेस लावलेले आरंभराव तेवढ्यात बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले.

"कुठे गेल्या ते लिहिलंच नाहीत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "गावाला, असा एक शब्द हवा होता. वाक्यसुद्धा अर्धवट सोडता."

साहेब जिन्यानं गेले. लिफ्टची वाट बघायला थांबले नाहीत.

बायको वर आली तेव्हा तिच्या आईच्या निधनाबद्दल खालच्या दोन बायकांनी तिचं सांत्वन केलेलं होतं. ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. "आधी तो लेख काढा," एवढं मात्र लिहिता येईल.

"काढला तर आजचा दिवस चुकेल," आरंभराव मिशी सांभाळत म्हणाले.

"मग दुसरा लिहा!"

त्यांनी घाईघाईनं लिहिलं : 'सासूबाई गेलेल्या नाहीत, त्या इथेच आहेत.' लगेच वाचकांचे अभिप्राय येऊ लागले. "खरं आहे काका, अशी माणसं जात नाहीत." "त्या कायम तुमच्या पाठीशी असतील." एकानं तर लिहिलं, "धक्का बसलाय त्यांना, घरच्यांनी लक्ष ठेवा." आरंभरावांनी मग सासूबाईंचा ताजा फोटोच टाकला. "काय प्रसन्न चेहरा," लोक म्हणाले, "विश्वासच बसत नाही." ब्लॉगवर इतकी गर्दी कधीच झाली नव्हती.

आरंभरावांचं धाबं दणाणलं. हे पुढचे लेख आणखी काय काय घडवतील कोण जाणे, म्हणून मिळेल ते बटण दाबत त्यांनी महिनाभराचं सगळं आयुष्य पुसून टाकलं. घाईत मागचेही लेख गेले. ब्लॉग कोरा करकरीत झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या कोऱ्या पडद्यासमोर बसले, पण एक ओळ सुचेना. बायकोनं कात्री आणून टेबलावर ठेवली. आरंभरावांचा चेहरा इतका उतरला की मिशीची टोकंसुद्धा खाली आली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, मिशीचं आणि त्याहून जास्त सासूबाईंचं.

"आई, चुकलं माझं," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर घर मोकळं वाटतं, हे मी उगाच विनोद म्हणून लिहिलं होतं."

"तुमचा विनोद मला कळला," सासूबाई म्हणाल्या. "पण त्या लोकांनी माझ्याबद्दल किती चांगलं लिहिलं होतं हो. जिवंतपणी एवढं कोणी बोललं नव्हतं. आणा तो लॅपटॉप इकडे."

त्यांनी प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकला, चष्मा सारखा केला आणि एका बैठकीत लेख लिहिला. नाव दिलं 'मी कुठेही गेलेली नाही'. सोफ्यावर झोपलेला जावई, खोल आवाजातले साहेब, सगळं होतं त्यात, आणि ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नव्हती. लोक पोट धरून हसले. साहेबांनी तो ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला आणि उद्याचा कधी येणार, असा निरोप पाठवला.

तेव्हापासून ब्लॉग रोज चालतो. सासूबाई सांगतात आणि आरंभराव शेजारी बसून टाइप करतात, कारण ब्लॉग त्यांचा आहे. दोघांची भांडणं होतात, मग हसणं होतं. सकाळची ती वेळ आरंभरावांना आवडू लागली आहे, पण हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

परवा प्लास्टर निघालं. आरंभरावांनी भीत भीत विषय काढला, "आई, गावाला जायचं तिकीट बघू का?"

"कसं जाणार?" सासूबाई म्हणाल्या. "मी गेले की लेख चुकणार. लेख चुकला की तुमची मिशी जाणार. माझ्या लेकीच्या नवऱ्याची मिशी माझ्यामुळे गेली, असं व्हायला नको. सातत्य महत्त्वाचं, जावईबापू."

आरंभराव बाथरूममध्ये गेले, आरशासमोर उभे राहिले आणि मिशीवर बोट आडवं धरून, तिच्याशिवाय आपण कसे दिसू ते निरखून पाहू लागले.

"विचारसुद्धा करू नका," मागून बायको म्हणाली.